बिशप्स कॉलेज: कारकुनांचा कारखाना? काहीही हं!

जुनेपाने: कालच्या धाग्यात एकाने ठोकून दिलं, 'कलकत्त्याचं बिशप्स कॉलेज म्हणजे मेकॉलेने कारकून पाडायला काढलेला कारखाना.' रात्रभर डोक्यात भुणभुण. अहो, कोनशिला १८२० ची, मेकॉलेचं इंग्रजी शिक्षणाचं टिपण १८३५ चं! बिशप मिडलटनने ते काढलं देशी पाद्री, धर्मोपदेशक आणि शाळामास्तर तयार करायला. पहिला प्राचार्य मिल, त्याने ख्रिस्तचरित्र संस्कृत श्लोकांत रचलं. हा कारकुनी अभ्यासक्रम?

खवचट_काका: कालचा 'एक' मीच. तारखेचं मान्य, घ्या पेढे. पण कारकुनाऐवजी पाद्री पाडले, म्हणजे पुण्यकर्म झालं का?

जुनेपाने: पाडले कुठे? हेच तर सांगतोय. शिबपूरला गंगेकाठी एवढी गॉथिक इमारत, आणि विद्यार्थी मूठभर. खर्च पेलेना. १८८० मध्ये जागा सरकारकडे गेली आणि तिथे इंजिनिअरिंग कॉलेज आलं. याला कारखाना म्हणायचं तर दिवाळखोर म्हणा.

गोदाकाठची: मूठभरांत बंगाली कवी मायकेल मधुसूदन दत्त होता, हे विसरलात? १८४४ ते ४७. ग्रीक-लॅटिन तिथलंच. आणि देशी पोरांना गोऱ्यांसारखा पोशाख नाही म्हटल्यावर पठ्ठ्या भरजरी शाल पांघरून आला. शेवटी कॉलेजच नमलं. मला आमची शाळा आठवली. टिकली लावली म्हणून सातवीत दिवसभर वर्गाबाहेर उभी होते.

खवचट_काका: बघा! दोनशे वर्षं तेच.

सदू_सातारकर: काका, आमची शाळा पक्की मराठी, संस्थाचालक सगळे आपलेच. गांधी टोपी विसरलो तर छडी. त्याचं बिल कोणत्या बिशपच्या नावे फाडू?

गोदाकाठची: टोपी विसरणं आणि टिकली पुसायला लावणं एकच? तुम्हाला कळणार नाही, दादा.

सदू_सातारकर: छडीचे वळ मलाच कळणार, ताई. चालू द्या.

जुनेपाने: धागा कॉलेजचा आहे हो! आणि गोऱ्यांचंच कॉलेज म्हणणाऱ्यांनी कृष्णमोहन बॅनर्जींचंही नाव घ्यावं. कुलीन ब्राह्मण घरातला, ख्रिस्ती झालेला माणूस, १८५२ पासून तिथेच प्राध्यापक.

खवचट_काका: म्हणजे एका बाटलेल्याने पुढच्यांना बाटवलं. छान.

गोदाकाठची: 'बाटलेला' शब्द मागे घ्या. माझी आजी नगरची ख्रिस्ती. तिच्या ओव्या ऐकल्या असत्यात तर तोंड उघडलं नसतंत.

खवचट_काका: घेतला. आजींसाठी. कॉलेजसाठी नाही.

मोडीवाला: सगळे बिशपच्या मागे. पलीकडे सेरामपूरला बॅप्टिस्ट मिशनरी केरीने १८१० मध्ये मराठी कोश मोडीत छापला, त्याचं कुणाला काही आहे? आज मोडी वाचणारे किती उरले?

जुनेपाने: झालं. आला मोडीवाला.