सूर्यघरची सबसिडी: ज्याची गच्ची त्याचीच चांदी?

महालचा भाडेकरू:
काल मनीषनगरला मावसभावाकडे गेलो, त्यानं गच्चीवर ३ किलोवॉटचं सोलर बसवलं न् केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेच्या सबसिडीचे ७८ हजार खात्यात आले म्हणून पेढे वाटून राहिला. आनंद आहे बाप्पा. पण मी राहतो भाड्यानं, गच्ची मालकाची, मीटर मालकाच्या नावावर, मला काय? २०२४ मधे योजना काढली, ७५ हजार कोटींच्या वर पैसा ठेवला, एक कोटी घरं म्हणे, पण पैसा जाते ज्याच्याकडे आधीच स्वतःचं घर आहे त्याच्याकडे.

कुलरवाले काका:
भाऊ, फुकट काहीच नाही. दोन किलोवॉटपर्यंत किलोवॉटमागे ३० हजार, तिसऱ्याला १८, त्याच्यावर दमडी नाही. आधी सगळे पैसे आपणच भरायचे, नेट मीटर, म्हणजे घेतलेली न् लाइनीत दिलेली दोन्ही वीज मोजणारं मीटर, लागल्यावर मग सबसिडी येते. माझं तीन किलोवॉटचं, उन्हाळ्यात दिवसाला १२-१३ युनिट देते, एप्रिलचं बिल आलं ते नुसतं स्थिर आकाराचं. आणि दुपारी आमच्याकडे कोणी नसते तेव्हाची वीज लाइनीत जाऊन शेजारच्यांच्याच कुलरला लागते, म्हणजे तुमच्यासारख्यांच्याच!

नंदनवन ४५ डिग्री:
काका, लागते पण बिल तर त्याला पूर्णच येते ना. अन् मेमधे पॅनल तापलं की वीज कमी बनवते हे विकणारा सांगत नाही. धूळ तर अशी बसते का बोटानं नाव लिहून घ्या, मी दर रविवारी सकाळी सहाला पाइप घेऊन वर. सगळ्यात भारी म्हणजे लाइट गेली की सोलर पण बंद, बॅटरी नसली तर भर उन्हात वर पॅनल चमकून राहिले अन् खाली आपण पेपरनं वारा घेऊन राहिलो 😂

कुलरवाले काका:
ते लाइनमनच्या जिवासाठी आहे राजे, तारेत उलटी वीज नको म्हणून. अन् फ्लॅटवाल्यांच्या सोसायटीलाही लिफ्ट-पंपासाठी किलोवॉटमागे १८ हजार आहेत. भाडेकरूनं मालकाशी बोलावं ना, काहून नाही लावणार तो?

महालचा भाडेकरू:
बोललो ना. म्हणे लावतो, पण भाडं दोन हजारानं वाढवीन. माझं बिल वर्षाचं सरासरी काढलं तर महिन्याला अठराशे येते.