लाकडी घाण्यासाठी कर्ज: पीएमईजीपी, मुद्रा की आणखी काही?

फिटर_विटा: नमस्कार मंडळी. वय ३१, आयटीआय फिटर. चाकणला कंत्राटावर होतो, ते संपलं. आता विट्याजवळ गावी आलोय. शेंगदाणा-करडईचा लाकडी घाणा टाकायचा विचार आहे, शेडसकट आठेक लाख लागतील. पीएमईजीपी, म्हणजे नव्या उद्योगाला बँक कर्जावर सबसिडी देणारी केंद्राची योजना, बघतोय. एक एजंट म्हणतो, "पंधरा हजार द्या, ३५ टक्के सबसिडी हातात देतो." देऊ का?

घाणेवाली: एक रुपयाही देऊ नका! अर्ज ऑनलाइन आणि फुकट आहे. आणि सबसिडी कुणाच्याच हातात येत नाही, बँकेत तुमच्या नावाने तीन वर्षं ठेव म्हणून पडून राहते. तेवढ्या कर्जावर व्याज लागत नाही, हा फायदा. धंदा चालू आहे हे तपासून मगच ती कर्जात वळती होते. सबसिडी डोक्यात ठेवून धंदा काढणारे इथेच फसतात.

माणदेशी: पीएमईजीपीत ग्रामीण भागात खुल्या प्रवर्गाला २५ टक्के सबसिडी, स्वतःचे १० टक्के. महिला, ओबीसी, एससी-एसटी, अल्पसंख्याक, माजी सैनिक, दिव्यांग यांना ३५ आणि स्वतःचे फक्त ५. म्हणजे आठ लाखांवर २ लाख की २ लाख ८० हजार, एवढा फरक. जागेची किंमत प्रकल्पात धरत नाहीत. मुद्रात सबसिडीच नाही, नुसतं विनातारण कर्ज. मराठा समाजातले असाल तर अण्णासाहेब पाटील महामंडळाचा व्याज परतावाही बघा. तिथे हप्ता आधी आपण भरायचा, मग व्याज खात्यात परत येतं.

फिटर_विटा: मग बायकोच्या नावावर टाकू?

घाणेवाली: टाका, पण नावापुरतं नको. प्रशिक्षण त्यांनाच करावं लागेल, बँकेत प्रश्नही त्यांनाच विचारतील. माझं प्रकरण दोन शाखांनी परत पाठवलं होतं. तिसऱ्या साहेबांनी फाईल बाजूला ठेवून एकच विचारलं, "किलोभर तेलाला दाणे किती?" मी म्हटलं, साधारण अडीच किलो, आणि पेंड गोठेवाले दारातून उचलतात. मग पुढे बोलणं झालं. मशीनचं कोटेशन जीएसटी नंबर असलेल्या विक्रेत्याचंच घ्या. आणि थ्री फेजचा अर्ज आधी टाका! माझा घाणा येऊन पडला होता, वीज नव्हती, हप्ता मात्र वेळेवर सुरू झाला.

माणदेशी: तेल म्हणजे अन्नप्रक्रिया, तेव्हा पीएमएफएमई, म्हणजे छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांच्या केंद्राच्या योजनेचंही तालुका कृषी कार्यालयात विचारून या, अर्ज सध्या घेतायत का ते. त्यात सबसिडी ३५ टक्के, कमाल १० लाख, प्रवर्गाची अट नाही. जिल्हा संसाधन व्यक्ती प्रकल्प अहवालाला मदत करते, त्याचे पैसे द्यायचे नसतात. मात्र एकाच मशीनवर दोन योजनांची सबसिडी मिळत नाही.

फिटर_विटा: एजंटला नाही म्हणून सांगितलं. उद्या कृषी कार्यालय, मग महावितरण. बायको दहावी आहे, पीएमईजीपीला चालेल ना?

माणदेशी: चालेल. आठवी पासची अट उत्पादनात दहा लाखांच्या वर. तुमचा प्रकल्प आठाचा.

घाणेवाली: आणि ताईंना अडीच किलोचा हिशेब पाठ करायला लावू नका. शेजारच्या गावात घाणा असेल तिथे एक दिवस बसवा.