भावाला कमी दिसतं, पुण्याला विद्यापीठात एम.ए.ला चाललाय – हॉस्टेल, रायटर, मित्र… काय काय बघावं?

गोदाकाठ
नमस्कार मंडळी. आम्ही परभणी जिल्ह्यातले, गाव लहान आहे. धाकट्या भावाचं बी.ए. झालं आणि आता सावित्रीबाई फुले विद्यापीठात राज्यशास्त्राला एम.ए.साठी नंबर लागलाय. त्याला लो व्हिजन आहे, सर्टिफिकेटवर टक्केवारी ४०च्या वर आहे, यूडीआयडी कार्ड (अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र) पण निघालंय. मोठं अक्षर डोळ्याजवळ धरून वाचतो, फळा दिसत नाही, आणि दिवस मावळला की रस्त्यावर फार अडचण होते. इथं कॉलेजात सगळे ओळखीचे, सर लोक पुढच्या बाकावर बसवायचे, पेपरला हा सांगेल ते लिहून द्यायला गल्लीतलाच बारावीचा पोरगा रायटर म्हणून यायचा, कुणी कधी कागद मागितला नाही. पुण्यात कसं असतं? हॉस्टेल मिळतं का? रायटर विद्यापीठ देतं का आपणच शोधायचा? नोट्स वाचायचं काय?
आणि खरं सांगू का, आईला वेगळीच काळजी लागलीये. हा स्वतःहून कुणाशी बोलत नाही, दिसत नाही हे सांगायला लाजतो, समोरून ओळखीचं माणूस गेलं तरी ह्याला कळत नाही मग लोक म्हणतात लय शिष्ट आहे. एवढ्या मोठ्या ठिकाणी एकटा पडला तर? कुणी तिथं शिकलं असेल तर सांगा प्लीज.

चष्मा_जाड
ताई, मी पण लो व्हिजनवाला, पुण्यातच एम.ए. केलं, कॉलेजचं नाव घेत नाही. सगळ्यात आधी एक काम, आणि ते परभणीतच उरकून घ्या. अपंगांच्या परीक्षेसाठी २०१८च्या केंद्राच्या गाइडलाइन्समध्ये अंधत्व, दोन्ही हात बाधित आणि सेरेब्रल पाल्सी ह्या तिघांना मागितला की रायटर मिळतो, पण लो व्हिजन त्या तिघांत नाही!! म्हणजे नुसत्या यूडीआयडीवर भागेल असं धरून चालू नका, ह्याला लिहायला शारीरिक अडचण आहे असं सरकारी दवाखान्याचं वेगळं पत्र लागतं, सिव्हिल सर्जन किंवा मेडिकल सुपरिटेंडेंटची सही असलेलं. नमुना त्या गाइडलाइन्सच्याच मागे जोडलेला आहे, प्रिंट काढून सोबत न्या. परीक्षेच्या तोंडावर हे पत्र काढायला पुण्याहून परभणीला पळायचं म्हणजे दोन दिवस अभ्यास बुडतो.

नोट्सचं सांगतो, ह्यात मराठी मीडियमवाल्यांचा जास्त घोळ होतो. लॅपटॉपवर एनव्हीडीए टाकून घ्या, फुकट आहे, स्क्रीनवरचं वाचून दाखवतं, फोनमध्ये तेच काम करणारं टॉकबॅक असतंच. पण बऱ्याच जुन्या मराठी नोट्स युनिकोडमध्ये (मराठी अक्षर मराठी म्हणूनच साठवायची पद्धत) नसतात, जुन्या फॉन्टात टाइप केलेल्या असतात, आपल्याला स्क्रीनवर छान मराठी दिसतं आणि एनव्हीडीए मात्र एबीसीडीची अक्षरं आणि चिन्हं बडबडत सुटतं, कारण आतून ती तशीच साठवलेली असतात. अशी फाइल आली की वर्ड फाइल मागून कन्व्हर्टरमधून युनिकोड करून घ्यायची. आणि झेरॉक्सच्या पानांचे फोटो असतील तर गुगल ड्राइव्हवर टाकून गुगल डॉक्समध्ये उघडायचे, मराठी अक्षरं बऱ्यापैकी ओळखतं, जोडाक्षरांत चुका राहतात पण अर्थ लागतो. एकदम आख्खं पुस्तक नका टाकू, थोडी थोडी पानं. सुगम्य पुस्तकालय म्हणून ऑनलाइन लायब्ररी आहे, २०१६ला सुरू झाली, तिथं त्याचं नाव नोंदवा, पण एम.ए.ची मराठी संदर्भपुस्तकं सगळी मिळतील अशी आशा धरू नका.

कॉपीराइटचं कुणी बोललं तर घाबरायचं नाही, २०१२च्या दुरुस्तीपासून अपंग विद्यार्थ्याला वाचता यावं म्हणून पुस्तकाची तशी प्रत करायला कायद्यात सूट आहे.

आणि त्याला सांगा पहिल्याच आठवड्यात वर्गात उभं राहून सांगून टाक की मला लांबचं दिसत नाही, हाक मारा. मी सांगितलं होतं, नंतर सोपं गेलं.

पेपरतपासनीस
मी अनुदानित कॉलेजात शिकवते, परीक्षेचं काम वर्षानुवर्षं करतेय म्हणून थोडं नियमाचं बोलते. वरच्या पत्राच्या मुद्द्याशी सहमत, फक्त विद्यापीठाचं स्वतःचं परिपत्रक असतं तेही परीक्षा विभागातून मागून घ्या, कारण काउंटरवरचा माणूस तेच दाखवणार.

२०१८च्या गाइडलाइन्सप्रमाणे रायटर दोन्ही प्रकारे चालतो, परीक्षा घेणाऱ्यांनी दिलेला किंवा स्वतः आणलेला. स्वतःचा आणला तर त्याचं शिक्षण विद्यार्थ्यापेक्षा एक पायरी खाली हवं, त्यामुळे एम.ए.च्या वर्गातला मित्र एम.ए.चा पेपर लिहू शकत नाही हे आधीच डोक्यात ठेवा. तुमचा बारावीचा मुलगा नियमात बसेल पण राज्यशास्त्रातली नावं आणि संज्ञा त्याला ऐकून लिहिता आल्या पाहिजेत ना, म्हणून बी.ए.ला असलेला कुणी बघा. रायटर पेपरच्या दोन दिवस आधी भेटायला मिळावा असंही त्या गाइडलाइन्समध्ये आहे, बरेच जण हे मागतच नाहीत आणि मग पेपरच्या दिवशी कळतं की रायटरला मराठी शुद्ध लिहिता येत नाही. वेळ तासाला किमान २० मिनिटं जास्त, म्हणजे तीन तासाच्या पेपरला एक तास, आणि तो रायटर न घेता स्वतः लिहिणाऱ्यालाही मिळतो. मोठ्या अक्षरातली प्रश्नपत्रिका हवी असेल तर फॉर्म भरतानाच लिहून द्या, पेपर छापून झाल्यावर कुणी काही करू शकत नाही.

बाकी समान संधी कक्ष (अपंग विद्यार्थ्यांच्या अडचणी बघणारा) किंवा विद्यार्थी विकास मंडळ, जिथे जाल तिथे तोंडी सांगून येऊ नका. साध्या कागदावर अर्ज, सोबत यूडीआयडीची झेरॉक्स, आणि आपल्या प्रतीवर अर्ज मिळाल्याचा, इनवर्डचा शिक्का. शिक्का नसेल तर अर्ज आलाच नव्हता म्हणतात, मग भांडा.

(टक्केवारी ४०च्या खाली असलेलं कुणी वाचत असेल तर: २०२१ला सुप्रीम कोर्टाने रायटर्स क्रॅम्प (लिहिताना हात आखडण्याचा त्रास) असलेल्या एका उमेदवाराच्या बाजूने निकाल दिला आणि त्यानंतर २०२२ला अशांसाठी वेगळ्या गाइडलाइन्स आल्या. त्यामुळे ४० टक्के नाहीत म्हणून रायटर नाही असं सरसकट कुणी म्हणू शकत नाही.)

मेसचा_डबा
हॉस्टेलचं मी सांगतो. अ‍ॅडमिशन झालं म्हणजे खोली मिळाली असं अजिबात नाही, हॉस्टेलचा अर्ज वेगळा, यादी वेगळी, त्यामुळे पहिल्या दिवसापासून मागं लागा आणि अर्जात अपंगत्वाचा उल्लेख करून तळमजल्याची, डिपार्टमेंटजवळची खोली मागा. कॅम्पस ४११ एकर आहे ताई, झाडीच झाडी, संध्याकाळी काही रस्त्यांवर आपल्यालाच नीट दिसत नाही. यादी लागेपर्यंत पोरं मित्राच्या खोलीत राहतात, त्याला पॅरासाईट म्हणतात, पण तुमच्या भावाने ते करू नये असं माझं मत, चेकिंग आलं की सामान उचलून पळावं लागतं, त्याला कुठं जमणार.

बाहेर बघायचं तर विद्यार्थी सहाय्यक समितीची वसतिगृहं आहेत, १९५५पासूनची जुनी संस्था, गावाकडच्या गरीब मुलांसाठीच आहे, मुलाखत घेतात, शिस्त कडक. तुम्ही अनुसूचित जाती किंवा नवबौद्ध असाल आणि सरकारी वसतिगृहात नंबर लागला नाही तर समाजकल्याणची स्वाधार योजना बघा, खोली आणि जेवणाचे पैसे खात्यावर येतात, पण येतात उशिरा, पहिल्या काही महिन्यांची सोय घरूनच धरा. महाडीबीटीवर (सरकारी स्कॉलरशिपची वेबसाइट) अपंग विद्यार्थ्यांची पण वेगळी स्कॉलरशिप आहे. दोन स्कॉलरशिप एकदम चालतील का हे भरायच्या आधी विचारा.

आणि कमवा व शिका! शिकता शिकता काम करून पैसे मिळवायची विद्यापीठाची योजना, कर्मवीर अण्णांच्या (भाऊराव पाटील) नावाने आहे. पैसे फार नाहीत, पण बागेत म्हणा ऑफिसात म्हणा लायब्ररीत म्हणा काम करताना जी गावाकडची पोरं भेटतात ना, माझे आजचे सगळे मित्र तिथलेच. त्याला झेपेल असं काम मागून घ्यायचं.

कट्टेकरी
सगळं वाचलं, माहिती भारीच आहे, पण आईच्या प्रश्नाला नीट उत्तर कुणी दिलं नाही. कक्ष रायटर देईल हो, मित्र नाही देणार.

आणि चष्मा_जाड भाऊ, राग मानू नका, पण लाजऱ्या पोराला पहिल्या आठवड्यात वर्गासमोर उभं करायचं हे मला पटत नाही. तुम्ही बोलके असाल. आमच्या वर्गात एक मुलगा होता पूर्ण अंध, त्याची ओळख सरांनी अशीच सगळ्यांसमोर करून दिली, आणि झालं काय, वर्षभर सगळे त्याला मदत करत होते, रस्ता ओलांडून देत होते, पण चहाला हाक कुणी मारत नव्हतं. सहलीला पण विचारलं नाही, का तर त्याला त्रास होईल म्हणे. परस्पर ठरवून टाकलं.

त्याची गाडी रुळावर आली ती वाचनामुळे. हॉस्टेलात तिघं मिळून अभ्यास करायचे, दोघं आळीपाळीने मोठ्याने वाचणार आणि धडा संपला की हा तोंडी समजावून सांगणार, आणि त्याचं पाठांतर असलं जबरदस्त की परीक्षेच्या आधी बाकीचेच ह्याच्या खोलीत येऊन बसायला लागले. तुमच्या भावाला फक्त दोघं शोधू दे असे, आख्खा वर्ग कशाला पाहिजे. हे दिसण्याबिसण्याचं त्या दोघांना सांगितलं की हळूहळू आपोआप सगळ्यांना कळतं.

संध्याकाळी एकट्याने विद्यापीठ चौक ओलांडायची सवय मात्र आधीच नको, पूल-मेट्रोच्या कामांत तिथला रस्ता सारखा बदलत आलाय. आणि मन लागत नसेल, रडायला येत असेल तर टेली मानस १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलतात.

चष्मा_जाड
राग कसला. वर्गात सांगायचं नसेल तर निदान शिकवणाऱ्या सरांना तरी सांगू दे, नाहीतर फळ्यावर लिहून ‘हे बघा’ म्हणत राहतात आणि आपण नुसती मान हलवायची.

गोदाकाठ
सगळ्यांचे खूप खूप आभार, आईला वाचून दाखवलं. सिव्हिलच्या पत्राचं आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं, सोमवारी परभणीला जातोय. भावाला कमवा व शिका लगेच आवडलं, वर्गात बोलायचं नाव काढलं तर उठून बाहेर गेला 😅 सरांना चिठ्ठी लिहून देतो म्हणाला. मॅडम, ते परीक्षा विभागाचं परिपत्रक अ‍ॅडमिशनच्या दिवशीच मागितलं तर देतात का, का परीक्षेचा फॉर्म सुटेपर्यंत थांबावं लागतं?

पेपरतपासनीस
त्याच दिवशी मागा, मागच्या वर्षीचं असलं तरी घेऊन ठेवा. आणि चिठ्ठीची कल्पना चांगली आहे, खाली त्याचा फोन नंबर पण लिहायला सांगा, म्हणजे नोट्स थेट त्याला पाठवता येतात.