सोसायटीच्या बागेला पाणी कोणी घालायचं?

कोथरूडला आमच्या आठ घरांची मिळून बाग आहे. फेब्रुवारीत भेंडी-गवार लावताना फोटोला सगळे हजर. आता एप्रिलचं ऊन चाळिशीला टेकलंय, तर झारी एकट्या माझ्या हातात! मोगरा मात्र रोज पहाटे कोणीतरी तोडून नेतं. त्यात वांग्यावर कापसासारखी पांढरी कीड. काय करू?

गच्चीवाली: तो पिठ्या ढेकूण. लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडा पातळ साबण. संध्याकाळीच फवारा, उन्हात पानं करपतात.

पेठेतला: वाळका पाला जाळू नका, वाफ्यांत चार बोटं जाड पसरा. आम्ही साधी मातीची मडकीही गळ्यापर्यंत पुरलीत. भरून झाकण ठेवलं की पाणी हळूहळू झिरपतं. (रंगवलेली नकोत, झिरपत नाहीत.) एकाआड दिवस भरली तरी पुरतं.

बावधनकर: पाळीचा तक्ता लिफ्टमध्ये लावा. ज्याची पाळी, त्या दिवशीची भाजी त्याची. आमच्याकडे आता पाळीसाठी भांडणं होतात.

कोथरूडची: तक्ता लावला. मोगऱ्याचा चोरही सापडला, आमच्याच सासूबाई. देवासाठी म्हणे!