पंधरा ते सतरा वयाच्या कलाकारांनी शिष्यवृत्ती मागायची कुणाकडे?

सत्तरीकर
माझी मुलगी अकरावीत आहे. गाणं शिकायला आठवड्यातून दोनदा वाळपईहून पणजीला जाते, कदंबाच्या सरकारी बसने. गोडी लागली ती नववीनंतर, गावच्या सप्ताहात. शिष्यवृत्तीची चौकशी केली. सीसीआरटी या केंद्राच्या सांस्कृतिक संस्थेच्या शिष्यवृत्तीसाठी (वर्षाला ३६०० रुपये, शिवाय ९००० पर्यंत शिकवणीची फी) अर्ज १० ते १४ वयातच करता येतो. केंद्राची तरुण कलाकारांसाठीची, महिना ५००० रुपयांची, १८ ते २५ वयासाठी. मध्ये पंधरा ते सतरा ही वर्षं रिकामी. घरचे लोक "आता बारावी बघ, गाणं पुरे" म्हणतात ते नेमकं याच वयात. नववी ते बारावीसाठी गोवा राज्याने वेगळी शिष्यवृत्ती द्यावी, असं माझं ठाम मत आहे.

पेटीवाला, फोंडा
भाऊ, मला हे पटत नाही. आपल्या थोर गायिका केसरबाई केरीच्या, मोगूबाई कुर्डीच्या. त्यांनी कुठला अर्ज भरला होता? आमच्याकडची मुलं भजनी मंडळात पेटी शिकतात, फी कसली ती नाही. पैसा आहे ना, मग तालुक्यात शिक्षक नेमा. एका मुलीच्या बसभाड्याने एकच मुलगी शिकेल.

सत्तरीकर
मोगूबाईंना त्यांच्या आईने गाव सोडून नाटक कंपनीत नेलं. केसरबाई गुरू शोधत कुठे कुठे फिरल्या, तेव्हा अल्लादिया खाँसाहेबांची तालीम मिळाली. त्याची किंमत घरच्यांनी मोजलीच होती. भजन मीही गातो. पण ख्याल शिकायचा तर वर्षानुवर्षं एकाच गुरूकडे बसावं लागतं.

मडगावचा बाप
दहावी-बारावीच्या मुलाला कलेसाठी सरकारी पैसा देणं मला चूकच वाटतं. पणजीत आल्तिनोवर १९७२ पासून कला महाविद्यालय आहे. बारावी करा, मग जा. सोळाव्या वर्षी कुणाला कळतं आपण चित्रकार होणार की नाही?

शिक्षिका, डिचोली
तिथे प्रवेश परीक्षा असते हो. चित्रकलेची शिकवणी ज्याला परवडली तोच मुलगा तयारीने बसतो. शिष्यवृत्तीला माझा पाठिंबा आहे, पण ती परीक्षांच्या प्रमाणपत्रावर देऊ नका. घुमट २०१९ मध्ये राज्याचं वारसा वाद्य झालं. माझ्या वर्गातला एक मुलगा घुमटावर असा हात चालवतो की बाकीची मुलं डबा खायची थांबतात. त्याच्याकडे कागद एकही नाही. फॉर्मवर "कुठे शिकलात" या रकान्यात त्याने काय लिहावं? "काकांकडे, चवथीच्या आरतीला" असं लिहिलं तर चालेल का? माझ्या मते चाललं पाहिजे. समोर बसवा आणि ऐका.

पेटीवाला, फोंडा
ताईंचं म्हणणं पटलं. पण ऐकणारे पणजीत बसले तर तो मुलगा तिथे पोचणार नाही. म्हणून म्हणतो, आधी तालुक्यात माणूस द्या.

सत्तरीकर
वाळपईत चांगला शिक्षक आला तर मी शिष्यवृत्ती मागणार नाही. पण जागा निघून, मुलाखती होऊन तो रुजू होईपर्यंत माझी मुलगी अठराची होईल.