शांतता समितीच्या बैठकीत वही उघडावी का?

ओटल्यावरची (मंगळवार, रात्री ११:२०)

नमस्कार. मी बडोद्याची, दांडिया बाजारात वाढलेली. नऊ वर्षं एका छोट्या संस्थेबरोबर चार दरवाज्यांच्या आत, म्हणजे जुन्या शहरात, काम करते. गणपती, ताजिया, उत्तरायण जवळ आलं की बैठका, आणि अधल्यामधल्या दिवसांत गटाराची, नळाची, लारीची (म्हणजे हातगाडीची) भांडणं. चार वर्षांपूर्वी ह्याच कामावर पीएचडीला नाव घातलं आणि तेव्हापासून माझी पंचाईत सुरू झाली.

गेल्या वर्षीची गोष्ट. गणपतीच्या तीन आठवडे आधी शाळेच्या हॉलमध्ये बैठक होती. कागदावर विषय दोन: आरतीचा लाउडस्पीकर आणि मशिदीसमोरून जाणारी मिरवणूक. समोर साठीचे एक चाचा. पतंगाचा धंदा, गेंडीगेटला माल देतात, बोटांवर मांज्याचे जुने काप. ते बोलायला लागले, "देखो बेन, बात माइक की है ही नहीं..." आणि मी सवयीनं वही उघडली. ते थांबले. पेनाकडे बघितलं. घसा साफ करून म्हणाले, "हम सब भाई-भाई हैं, हमारे यहाँ कभी कुछ हुआ नहीं." पुढची वीस मिनिटं मग सगळ्यांनी भाषणंच केली.

बैठक सुटल्यावर चपला घालताना त्यांनीच मला खरं काय ते सांगितलं. मंडप दर वर्षी थोडा पुढे येतो. तिथे त्यांच्या मुलाची सेव-उसळची लारी असते, म्हणजे अकरा दिवस धंदा बंद. वर मंडपाच्या खांबांनी गटार बुजतं आणि पाणी ह्यांच्या उंबऱ्यात. मंडळाच्या पोरांना हे कोणी सांगितलंच नव्हतं. सांगितल्यावर त्यांनी खांब चार फूट मागे घेतले, लारी कोपऱ्यावर लावून दिली, आणि रात्री जागणाऱ्या कार्यकर्त्यांना उसळ तिथूनच आली. माइकबद्दल नंतर कोणी चकार शब्द काढला नाही.

माझ्या वहीत त्या दिवशीचं आहे ते "भाई-भाई". प्रबंधात जायला हवं ते गटार, आणि ते वही पिशवीत गेल्यावर कळलं. गाईड म्हणतात, कार्यकर्ती की संशोधक, एक काय ते ठरव. संस्थेतले म्हणतात, आमच्या माणसांवर डिग्री घेतेस. दोघांचंही थोडं थोडं खरं आहे, म्हणून जास्त लागतं. मारामारी नसणं ही एक शांतता आणि अन्यायाची घडी मोडणं ही दुसरी, हा शांततेचा अभ्यासक गाल्टुंग ह्याचा १९६९ चा फरक मला झोपेतून उठवून विचारा. पण चपला घालताना ऐकलेलं कसं वापरायचं हे त्यात कुठे नाही.

असं दुहेरी काम करणाऱ्यांनी सांगा, तुम्ही वही उघडता का?

पाणीगेटचा_जुना (बुधवार, सकाळी ६:०५)

ताई, मी निवृत्त शिक्षक. पुष्कळ शांतता समित्यांत बसलो आहे आणि त्यातल्या निम्म्या चहा-बिस्किटावर संपल्या. सणाच्या आदल्या आठवड्यात बोलावतात, फोटो काढतात, पुढच्या सणापर्यंत रामराम.

भिवंडीचं उदाहरण बघा. १९७० ला पेटली, १९८४ ला पेटली, आणि १९९२-९३ ला शेजारी मुंबई जळत असताना शांत राहिली. १९८८ मध्ये तिथे आलेले पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे ह्यांनी गल्लोगल्ली मोहल्ला समित्या उभ्या केल्या होत्या. माझ्या मते त्यातली खरी गोम ही की लोक वर्षभर भेटत राहिले, दंग्याची वाट न बघता. वर्षभर भेटायचं तर विषय गटाराचेच निघणार. तुमच्या चाचांनी तेच केलं, फक्त चपला घालताना.

वही उघडा, पण ती समितीची असू दे. बैठकीच्या शेवटी सगळ्यांना वाचून दाखवायची. तुमची वही वेगळी, ती घरी गेल्यावर लिहायची. आमचे जुने इन्स्पेक्टरही शाळा तपासून झाल्यावर रिक्षात बसून शेरा लिहायचे!

लगनकाठची (बुधवार, दुपारी ४:४०)

मी मूळची मांजलपूरची, सध्या बेलफास्टला ह्याच विषयात शिकते. इथे वही म्हटलं की लोकांना एकच गोष्ट आठवते, ती सांगते.

अमेरिकेतल्या बॉस्टन कॉलेजसाठी २००१ ते २००६ इथल्या माजी सशस्त्र कार्यकर्त्यांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित झाल्या. आयर्लंडशी जोडू पाहणाऱ्या आणि ब्रिटनबरोबर राहू पाहणाऱ्या, दोन्ही बाजूंच्या. शब्द असा दिला होता की तुमच्या हयातीत हे कोणी ऐकणार नाही. माणसं मोकळी बोलली. मग २०११ मध्ये १९७२ च्या एका खुनाच्या तपासासाठी इथल्या पोलिसांनी अमेरिकन न्यायालयामार्फत त्या टेप मागितल्या, वाद वरपर्यंत गेला आणि २०१३ मध्ये काही मुलाखती द्याव्या लागल्या. पुढच्या वर्षी इथल्या शिन फेन पक्षाचे नेते गेरी ॲडम्स ह्यांना चौकशीसाठी अटक झाली, आरोप न ठेवता सुटले. पण त्या दिवसापासून इथे कुठल्याही अभ्यासकाला दार उघडताना लोक दोनदा विचार करतात. संशोधक मंडळी वाईट नव्हती हो, त्यांनी स्वतःच्या हातात नसलेलं वचन दिलं.

आपल्याकडेही संशोधकाच्या वहीला वकिलाच्या कागदांसारखं संरक्षण नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली कागदपत्र हजर करायला सांगता येतं. तेव्हा "हे गुप्त राहील" असं म्हणू नका. "तुमचं नाव मी लिहीतच नाही" असं म्हणा, आणि खरंच लिहू नका.

एक कडू बोलते, राग मानू नका. पतंगवाले, साठीचे, गेंडीगेट, मुलाची सेव-उसळची लारी. चार दरवाज्यांच्या आतला कोणीही हा धागा वाचून बोट ठेवेल. तुमची बंद वही तुम्ही इथेच उघडलीत की.

मी_पण_वाडीचा (बुधवार, संध्या. ५:०२)

लारी कुठे लागते ते सांगा, बाकी चर्चा चालू द्या 🙂

कामाठीबागेसमोर (बुधवार, रात्री ९:३०)

वही, पेन, संमती, सगळं ठीक. माझा प्रश्न वेगळा आहे. समितीत बसतं कोण? मंडळाचे अध्यक्ष, मशिदीचे विश्वस्त, दोन व्यापारी, एक माजी नगरसेवक. बायका किती? आमच्या वस्तीतलं कोण? शांततेसाठी ज्यांना बोलावतात ते आधीच बोलावले जाणारे लोक असतात. तीन लाखांवर वस्तीच्या शहरात वॉर्ड समित्या हव्यात असं राज्यघटनेत १९९२ च्या दुरुस्तीनं आलं. ती हक्काची जागा. शांतता समिती ही मेहेरबानीची.

माझं घर इथल्या बागेतल्या संकल्पभूमीपासून, म्हणजे बाबासाहेब आंबेडकरांच्या स्मारकापासून, चालत दहा मिनिटांवर. १९१७ मध्ये बाबासाहेब कोलंबियात शिकून बडोद्याच्या नोकरीत आले, सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीचा करार पाळायला. हॉटेलात जात आड आली म्हणून पारशी विश्रामगृहात पारशी नावानं राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन माणसं आली. ते इथे बागेत येऊन बसले. राजा पाठीशी, पगार दरबारचा, आणि शहरात खोली नाही. त्या दिवशी बडोद्यात दंगल नव्हती. शांतताच होती.

आजही तेच बघा. गुजरातच्या १९९१ च्या अशांत धाऱ्याखालच्या (दंगलग्रस्त ठरवलेल्या भागांच्या कायद्याखालच्या) भागात जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय घर विकता येत नाही. हेतू चांगला सांगतात: दंग्यानंतर घाबरून कोणी मातीमोल विकू नये. पण व्यवहारात दोन जमातींमधली भिंत सरकारी शिक्क्यानं पक्की होते. तुमच्या मंडपात खांब चार फूट मागे गेले, आनंद आहे. कोण कुठे घर घेऊ शकतं ते वहीत लिहा. त्यासाठी कोणाच्या चपलेपाशी थांबावं लागत नाही.

ओटल्यावरची (रविवार, दुपारी १:१५)

सगळ्यांचे आभार, उशीर झाला.

लगनकाठची, खरं आहे. धंदा आणि लारीवरचा पदार्थ मी बदलून लिहिला होता (वाडीकर, उसळ शोधू नका), पण गेंडीगेट लिहायची काही गरज नव्हती. संपादकांना काढायला सांगितलं आहे.

कामाठीबागेसमोर, तुमचं वाचून दोन दिवस लिहायला हात झाला नाही. समितीत सतरा जण, बायका तीन, त्यातली एक मी. हे आकडे माझ्याच वहीत पहिल्या पानावर होते आणि चार वर्षांत मी त्यांच्याबद्दल एक परिच्छेद लिहिलेला नाही. घरांचं प्रकरण वेगळं करते आहे. गाईड म्हणतील विषय फुटला. म्हणू देत.

काका, तुमचं ऐकलं. काल चाचांकडे गेले ते माझं पान हिंदीत लिहून. म्हटलं, हे छापायचं आहे, नको ते खोडा. त्यांनी चष्मा लावला, नातवाचं पेन मागून घेतलं. मला वाटलं गटार जाणार, लारी जाणार. त्यांनी दोन्ही ठेवलं. फुटांचा आकडा दुरुस्त केला, चारचे पाच. आणि "भाई-भाई" वाल्या वाक्यावर सरळ रेघ मारली.

"ये तो तुम्हारी डायरी के लिए बोला था."