माऊलीच्या पायाशी बसलेला माणूस कोण?

वसईची लेक:
नमस्कार मंडळी. आमच्या आळीतल्या चॅपलमध्ये मरियामाऊलीचं जुनं तैलचित्र आहे, मेणबत्त्यांच्या धुरानं काळवंडलेलं. उजव्या कोपऱ्यात, माऊलीच्या पावलांखाली, जेमतेम वीतभर उंचीचा एक माणूस गुडघे टेकून हात जोडून बसलाय. डोक्याला पागोटं, अंगात पांढरी बंडी. डोक्यामागे वलय नाही, म्हणजे संत नव्हे. आजी त्याला ‘आपला म्हातारा’ म्हणायची. माऊलीला मेणबत्ती लावली की त्याच्याकडे बघूनही मान लववायची.

आता सणाआधी चित्र नवं करायचं ठरलंय. रंगारी म्हणतो, कोपरा गेलाच आहे, तिथे ढग काढतो. ऐकल्यापासून मला झोप नाही. हा कोण असेल? आणि कमिटीला काय सांगू?

चित्रदुरुस्ती:
ताई, ढग काढू देऊ नका! तो बहुधा चित्राचा दाता आहे. ज्यानं खर्च केला त्याला चित्रकार देवाच्या पायाशी प्रार्थना करताना दाखवत, बहुतेकदा लहान आकारात. युरोपातली ही रीत वसाहतींबरोबर समुद्रापार गेली. पेरूतल्या कुस्कोमध्ये सांता आना चर्चसाठी १७ व्या शतकाच्या उत्तरार्धात कॉर्पस क्रिस्ती या सणाच्या मिरवणुकीची चित्रमाला झाली. तिच्यात खालच्या कडेला दात्यांचे चेहरे आहेत, आणि त्यांत तिथली मूळची माणसंही आहेत. बोलिव्हियातल्या पोतोसीच्या चित्रात तर मरिया म्हणजेच चांदीचा डोंगर. पायथ्याशी एकीकडे पोप, दुसरीकडे सम्राट.

संतांचे झगे ठरावीक असतात, दात्याचे कपडे मात्र त्याच्या गावचे, त्याच्या काळचे. म्हणून तुमच्या चित्रातलं ते पागोटं मला सगळ्यात मोलाचं वाटतं. पैसा इथल्या माणसानं दिला, हे तेच सांगतं.

फ्रेम उतरवून मागची बाजू बघा. खालच्या पट्टीत ‘मांदोउ फाझेर’ अशी अक्षरं सापडली तर पोर्तुगीजमध्ये त्याचा अर्थ ‘करवून घेतलं’, आणि शेजारी नाव असतं. मोबाईलचा टॉर्च समोरून नको, बाजूनं तिरका धरा. दबलेल्या रेषा वर येतात. साबण, ओलं फडकं, खोबरेलाचा बोळा, काही म्हणजे काही लावू नका.

कुडाळकर:
कमिटीत कुणी ‘देवाच्या चित्रात माणूस कशाला’ म्हणालं, तर तिरुमलाच्या देवळात राजा कृष्णदेवराय दोन्ही राण्यांसह मूर्तिरूपात हात जोडून उभा आहे, हे सांगा. आमच्याकडे देवळाच्या पायरीवर दात्याचं नाव कोरतात, येणाऱ्या-जाणाऱ्याचे पाय लागावेत म्हणून. जुन्या गोव्यात बॉम जेझूला गेलात तर आतलं जेरोनिमो माश्कारेन्यश यांचं स्मारक नक्की बघा. कोचीचे हे कप्तान १५९३ मध्ये वारले आणि त्यांनी ठेवलेल्या पैशातून ते चर्च उभं राहिलं. तिथून त्यांना कुणी हलवलेलं नाही. तुमच्या म्हाताऱ्यालाही हलवू नका.

वसईची लेक:
आज संध्याकाळी टॉर्च तिरका धरला. जोडलेल्या हातांत जपमाळ आहे. आणि त्याच्या मागे, अगदी फ्रेमला चिकटून, लाल लुगड्याचा काठ आणि एक छोटा चेहरा! म्हातारीसुद्धा आहे हो. आजीला धुरातून ती कधी दिसलीच नसणार. फादरांना बोलावून दाखवलं, ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी स्वतः रंगाचे डबे बाहेर नेऊन ठेवले. फ्रेम उतरवायला सुतार उद्या सकाळी आठला येतोय.